२६ जानेवारीला गाव रिकामं, होळीला भरलेलं. मग ग्रामसभा कधी घ्यायची?

डोंगरवाट

मंडळी, लोकसभा-विधानसभेवर इथे भरपूर धागे निघतात, तो विषय या धाग्यात नको. मला बोलायचंय अगदी खालच्या पायरीवर, ग्रामसभेवर. मी नंदुरबार जिल्ह्यातला, धडगाव तालुक्यातला. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव अक्राणी, बाजाराच्या बोलण्यात धडगाव. गावाचं नाव लिहीत नाही. गाव एवढंसं आहे की नाव घेतलं की माणूसच ओळखू येतो.

गेल्या वर्षी २६ जानेवारीला गावी होतो. झेंडावंदन झालं, पोरांनी कवायत केली, एकेकाच्या हातावर जिलेबीचा तुकडा पडला आणि ग्रामसभा सुरू झाली. समोर बसलेल्यांतून शाळेची पोरं वगळली तर चाळीस डोकी नव्हती, आणि ती बहुतेक म्हातारी. बाकीचं गाव कुठे? गुजरातमध्ये, उसाच्या फडात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं पाठीशी. घराला कुलूपसुद्धा नसतं, कुडाला नुसती काटी लावलेली.

सभा तहकूब झाली. पुन्हा भरली तेव्हा माणसं तीच, फक्त जिलेबी संपलेली म्हणून पोरं गेलेली. रजिस्टर फिरलं. माझ्या शेजारी एक आजी बसली होती. शाईच्या डबीत अंगठा बुडवला, कागदावर टेकवला, लुगड्याला पुसला आणि मला विचारते, "रेशन कधी मिळणार?" तिला वाटलं अंगठा रेशनचा आहे. तो अंगठा होता वरच्या पाड्याचा हातपंप यादीत खाली ढकलून सभागृहासमोर पेव्हर ब्लॉक बसवायच्या ठरावावर.

होळीला वरच्या पाड्याचा एक भाऊबंद परत आला. पिकअपच्या टपावरून उतरला, ब्लॉककडे बघितलं, म्हणाला, "यावर पाणी ओतलं तर मुरायचं पण नाही." आणि हसला. मला काही हसू आलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. आमचं गाव वर्षातून एकदाच पूर्ण भरतं, भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा मोठा आठवडी बाजार) ते होळी या आठवड्यात. लग्नं तेव्हाच ठरतात, भांजगड म्हणजे पंचांसमोरचा निवाडा तेव्हाच होतो, जुनी भांडणं तेव्हाच मिटतात. मग खरी ग्रामसभा त्याच आठवड्यात का घेऊ नये? आपली मतं सांगा.

तापीकाठ

राम राम भाऊ. तुम्हनं म्हननं पटनं. आमना गावमा बी तेच शे, फक्त कारण वेगळं.

(आता मराठीत, नाहीतर बाकीचे ओरडतील.) मी शहादा तालुक्यातला, सपाटीवरचा. आमच्याकडे माणसं गावातच असतात, तरी ग्रामसभेला येत नाहीत. केळी, पपई, ऊस, साखर कारखाना, दूध, सोसायटी. राजकारण सगळं तिथं. कारखान्याच्या निवडणुकीला मुंबईहून माणूस गाडी करून आणतील, ग्रामसभेला समोरच्या घरातला येत नाही.

एक गोष्ट मला कायम खटकते. डोंगरातली माणसं आमच्या उसाच्या शेतांना लागून असलेल्या रस्त्यानंच गुजरातला ऊस तोडायला जातात. आमच्याकडे टोळ्या बाहेरून येतात, आणि जिल्ह्यातली माणसं बाहेर जातात. कुणी समजावून सांगेल का?

डोंगरवाट

@तापीकाठ, उचल. ज्यानं पावसाळ्यात घरात दाणा नसताना पैसे दिले, त्याच्याकडे जायचं. बाकी कारणं त्यानंतर.

निवृत्त_ग्रामसेवक

तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा डोंगरात. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण माझ्या तोंडी ग्रामसेवकच बसलंय. थोडं लांबेल, पण नियम आधी नीट समजून घ्या.

वर्षाला चार ग्रामसभा बंधनकारक. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा रूढ आहेत. पण चार हा किमान आकडा आहे, पाचवी-सहावी घ्यायला कुणी अडवत नाही. गणपूर्ती म्हणाल तर साध्या ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. ज्याला ठराव गुपचूप करून घ्यायचाय त्याला पहिल्या सभेला माणसं आलेली नकोच असतात.

खोटं कशाला बोलू, मीही तहकूब सभा घेतल्या आहेत. माझ्याकडे तीन ग्रामपंचायती होत्या. एकाच दिवशी, एकाच वेळी, तीन ठिकाणी, मधे दोन घाट. एका ठिकाणी मी असायचो, दोन ठिकाणी माझं रजिस्टर असायचं.

आता डोंगरवाट यांच्या मुद्द्याकडे. त्यांची खरी अडचण २६ जानेवारी नाही, त्याच्याही आधीची आहे. गावाच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात आराखडा पक्का होतो. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा त्या आराखड्यावर चालायचा, ६० टक्के बंधित म्हणजे पाणी-स्वच्छतेला, ४० टक्के अबंधित. तुमचं गाव परत येतं मार्चमध्ये. तोवर यादी वर गेलेली असते, आणि मार्च अखेर म्हणून ऑफिसात जो तो बिलं काढण्यात. होळीला सभा घेऊन तुम्ही त्या वर्षाच्या पैशाचं काहीच करू शकणार नाही.

डोंगरवाट

काका, हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे होळीची सभा पुढच्या वर्षासाठी?

निवृत्त_ग्रामसेवक

बरोबर. होळीला ठराव लिहून ठेवायचा, क्रमांकासह, सह्यांसह. ऑक्टोबरात आराखड्याची सभा भरली की पहिला विषय तोच वाचायचा. तोंडी ठरलेलं ऑक्टोबरपर्यंत वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. आणि त्याची पोच घ्यायची, पोच! पंचायत समितीत कागद दिला म्हणजे दिला असं होत नाही, शिक्का मारून घेतला म्हणजे दिला.

पुणेकर_शहाद्याचा

चांगला धागा. एक सुचवतो. स्थलांतरित मतदारांसाठी ऑनलाइन ग्रामसभा का नाही? फडात मोबाइल सगळ्यांकडे असतो. व्हिडिओ कॉलवर जोडून घ्या. तंत्रज्ञानानं हा प्रश्न एका दिवसात सुटेल.

रेवाकाठी

@पुणेकर_शहाद्याचा, भाऊ, आमच्या गावात फोन लावायचा तर एका ठरावीक दगडावर उभं राहावं लागतं. त्या दगडाला पोरं टॉवरच म्हणतात. ग्रामसभा त्या दगडावर घ्यायची तर एका वेळी दोन माणसं मावतील. सरपंच आणि अजून एक.

चेष्टा पुरे. मी नर्मदेच्या काठचा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोनच तालुक्यांतली. आमचं त्यातलंच एक. निम्मं कुटुंब खाली तळोद्याकडे पुनर्वसनाच्या गावात, निम्मं वर टेकडीवर, पाण्याच्या कडेला. काका तिकडचे मतदार, बाबा इकडचे. जमिनीचा वाद एकच, ग्रामपंचायती दोन. २०१९ ला धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं तेव्हा खालच्या वावरातलं उरलंसुरलं पाण्यात गेलं. मणिबेलीचं मतदान केंद्र राज्याच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं म्हणून निवडणुकीच्या दिवसांत बातम्यांत झळकतं. आमच्या भागात मतदान यंत्रं होडीतून जातात, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय. पुढची पाच वर्षं तीच होडी आजारी माणसाला घेऊन निघते, तेव्हा फोटोवाला नसतो.

मुद्दा असा की होळीला खालचे लोकही वर येतात. देव वरच राहिलेत ना. त्या दोन-तीन दिवसांत काका आणि बाबा एका शेकोटीजवळ बसतात. म्हणून मला डोंगरवाट यांची कल्पना आवडली, पण आमच्याकडे ती कायद्यात बसेल कशी? काका मतदारच नाहीत इथले.

तापीकाठ

तारीख कुठली धरणार हाही प्रश्न आहेच. तुमच्याकडे होळी एका दिवशी कुठे असते? आधी डाब गावची, मग काठी गावची, मग गावोगाव. आम्ही पोरं होतो तेव्हा पाच रात्री पाच गावांच्या होळ्या बघून आलोय.

डोंगरवाट

हो, आणि तेच तर बरं आहे. ग्रामसेवक काकांनी सांगितलं ना, तीन गावं, एक माणूस, एकच दिवस. होळीला प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. आमच्या बापजाद्यांनी वेळापत्रक आधीच लावून ठेवलंय, ग्रामसेवकाला फक्त त्यामागून चालायचंय.

काठीची होळी ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडं अवांतर. काठी हे मेवासी, म्हणजे सातपुड्यातल्या भिल सरदारांच्या छोट्या संस्थानांतलं एक, आणि तिथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचं सांगतात. होळीचा उंच बांबू दूरच्या जंगलातून खांद्यावर आणतात. त्याचा खड्डा खणायला कुदळ-फावडं चालत नाही, हातानंच माती उकरायची. रात्रभर ढोल, बासरी, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, असं सोंग घेऊन नाचणारे बावा आणि बुध्या. पेटते ती पहाटे. हे सगळं कोण ठरवतं? बांबू कोण आणणार, कुठल्या पाड्यानं कुठे उभं राहायचं, ढोल आधी कुणाचा? पत्रक नाही, नोटीस नाही, गणपूर्ती नाही. हजारो माणसं जागच्या जागी असतात. आणि त्याच माणसांना आपण म्हणतो की यांना सभा चालवता येत नाही.

मोहफूल

बराच वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

डोंगरवाट दादा, तुमचं चित्र छान आहे. त्यात बाई कुठे आहे ते सांगा. भोंगऱ्या ते होळी हा आठवडा बायकांसाठी काय असतो, माहीत आहे? चार महिने बंद घर उघडायचं, सारवायचं, पाणी भरायचं, दळायचं, पाहुण्यांचं करायचं. त्यात मोह झडायला लागलेला असेल तर पहाटे चारला टोपली घेऊन झाडाखाली. पुरुष काय करतात? मी लिहीत नाही, मोहाचंच पुढचं रूप आहे ते. शेकोटीजवळ संध्याकाळी सभा घ्याल तर ती पुरुषांची सभा होईल, आणि अर्ध्यांना सकाळी ठराव आठवणार नाही.

मी अंगणवाडीत आहे. कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. किती गावांत होते? आमच्याकडे ती ग्रामसभेच्याच रजिस्टरात, वरच्या चार ओळींत होते. सह्या मीच गोळा केल्यात, घरोघरी फिरून. मला विचारतात, ताई, कशाची सही? मी म्हणते, सभेची. कुठली सभा? आता काय सांगू!

आणि हातपंपाचा विषय. पेव्हर ब्लॉकच्या ठरावाला तुम्ही सगळे हळहळलात. वरच्या पाड्याच्या बायका सभेत असत्या तर तो ठराव झाला असता का? पाणी आणणारीला ब्लॉक दाखवून बघा.

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, शंभर टक्के. मी मान खाली घालून वाचलं.

डोंगरवाट

ताई, चुकलं माझं. मी होळीची रात्र डोळ्यासमोर ठेवून लिहिलं, दिवस विसरलो. तुम्हीच सांगा, कधी?

मोहफूल

भोंगऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा ते बारा. मोह वेचून झालेला असतो, स्वयंपाक झालेला असतो, पुरुष अजून शुद्धीत असतात. आधी महिला सभा, त्याच जागी, खरीखुरी. आणि गावाच्या मधोमध नको, वरच्या पाड्यावर घ्या. एकदा त्यांना खाली बोलवायच्या ऐवजी तुम्ही वर चढा.

पुणेकर_शहाद्याचा

एक विचारू? पंच, कारभारी, भांजगड यांचं एवढं ऐकलं जातं, तर पंचायत बिनविरोधच का करत नाही? निवडणुकीचा खर्च वाचेल, भांडणं टळतील.

तापीकाठ

बिनविरोध म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आपल्याच जिल्ह्यातली खोंडामळी विसरलात? सरपंचपदाची बोली लागली, आकडा ४२ लाखांवर गेला, आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं तिथली आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची निवडणूक रद्द केली. मंदिरासाठी पैसे म्हणे. बोली लावून झालेलं बिनविरोध हे ज्याच्याकडे पैसा त्याचंच.

डोंगरवाट

डोंगरात बोली लागत नाही, तेवढा पैसाच नाही. आमची अडचण वेगळी. मागच्या वेळी पंचांनी खरंच एकमतानं एक माणूस ठरवला. शांत, हिशेबाला चोख, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. अर्ज भरायला गेला तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं लेकरू झालं तर उभं राहता येत नाही, त्या नियमात अडकला. बायकोला उभं करावं तर लेकरं तीच. शेवटी त्याच्या आईला उभं केलं. तिचा जातीचा दाखला, पडताळणीचे कागद, तालुक्याला चार खेपा, नंदुरबारला दोन. ज्या बाईचं आयुष्य या डोंगरात गेलं, तिला ती भिल आहे हे सिद्ध करायला सहा खेपा.

निवडून आली. आता सभेत तीच बसते, पण बोलतो मुलगा. मोहफूल ताई, आधीच सांगतो, तुमचा शेरा मला माहीत आहे.

मोहफूल

मग कशाला लिहू. सरपंच आजीला एकदा एकटीला बोलू द्या, बघा काय बोलते. पेव्हर ब्लॉकवर सही तिची आहे ना?

डोंगरवाट

अंगठा. हो.

रेवाकाठी

काका, पेसाचं, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याचं, सांगाल का थोडं? आमच्या पाड्याला वेगळं गाव म्हणून घोषित करता येतं असं ऐकलंय.

निवृत्त_ग्रामसेवक

येतं. पेसा कायदा १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम ४ मार्च २०१४ चे. मुख्य गोष्ट ही की अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे महसुली गाव असलंच पाहिजे असं नाही. जी वस्ती आपले व्यवहार आपल्या रूढीनं चालवते, ती स्वतःला गाव म्हणू शकते. पाड्याच्या मतदारांनी ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसातल्या ग्रामपंचायतींना येतो, आणि पाड्याची ग्रामसभा असेल तर त्यातला हिस्सा तिच्या कोषात मागता येतो.

तुमच्या काकांचं मात्र त्यात बसणार नाही. मतदार जिथला, ग्रामसभा तिथली. शेकोटीवर त्यांना बसवा, ठरावावर नको. पाहुणा म्हणून बोलायला कुणी अडवणार नाही.

आणि डोंगरवाट, तुमच्या वरच्या पाड्यानं हा ठराव होळीच्या सभेत केला तर पुढच्या वेळी हातपंपासाठी त्यांना खालच्या गावाचं तोंड बघावं लागणार नाही. मात्र सांगून ठेवतो, सरपंच आणि माझ्यासारखे ग्रामसेवक हे ऐकून खूष होत नाहीत. पाडा वेगळा झाला की पैसा वाटला जातो.

तापीकाठ

आता धाग्याला खरी धार आली.

डोंगरवाट

काल रात्री फडातल्या मुकादमाच्या फोनवरून वरच्या पाड्याच्या चौघांशी बोललो. पेसाचं सांगितलं. एक म्हणाला, कागद तू लिही, माणसं मी आणतो. घर बांधायला, नांगरायला एकमेकांकडे लाह करतो, म्हणजे बिनमजुरीनं मिळून राबतो, तशीच ही लाह समज. दुसरा म्हणाला, आधी हातपंप, मग कायदा.

भोंगऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरतेय. जागा वरच्या पाड्यावरचं मोहाचं मोठं झाड. विशेष सभेसाठी सरपंच आजीच्या नावानं पत्र लिहून ठेवलंय, या वेळी त्यांना वाचून दाखवूनच अंगठा घेतो. दवंडी कोतवालाकडून, आणि ढोल वाजवून पुन्हा एकदा, कारण कोतवालाचा आवाज वरपर्यंत पोचत नाही.

एकच पेच राहिलाय. पाड्यातले निम्मे तरुण या वर्षी बावा होणार आहेत. त्यांची पाळणी, म्हणजे होळीचं व्रत, सुरू असेल. पाळणीत खाटेवर, खुर्चीवर बसत नाहीत, बाईच्या हातचं खात नाहीत. सभेचा अध्यक्ष त्यांच्यातला निवडला तर खुर्चीचं काय करायचं?

मोहफूल

खुर्च्या नेऊच नका. सगळे जमिनीवर. चहा मात्र त्यांचा त्यांनी करायचा, आमचाही त्यांनीच केला तर चालेल.